आमच्या हातून न झालेलं औषध

पनवेलला आमच्या मजल्यावर, समोरच्या दारात राहणाऱ्या बाईंना सगळी इमारत सिस्टर म्हणते. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांनी सगळी नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं कॅन्सरच्या वॉर्डात. निवृत्त झाल्यावर वडाळे तळ्याजवळच्या आमच्या इमारतीत एकट्याच राहायला आल्या. लग्न केलं नव्हतं. त्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातल्या. भाऊ, बहिणी, चुलत, मावस, सगळी माणसं केव्हाच इस्रायलला गेली. ह्या मागे राहिल्या. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "तिकडे जाऊन हिब्रूत भांडायला शिकेपर्यंत मरायची वेळ येईल."

आमच्या घरात आई आणि मी. माझा नवरा बोटीवर असतो, वर्षातले निम्मे महिने घराबाहेर. आई उलव्याकडच्या गावातली. तिच्या माहेरी मिठागरं होती. आता तिथे विमानतळाचं कुंपण आहे आणि पलीकडे टॉवर उभे राहताहेत. आईची आणि सिस्टरची ओळख झाली मासळीवरून. आई बाजारातून कोलंबी आणून त्यांना द्यायला गेली, तेव्हा त्यांनी हात जोडून सांगितलं की आमच्यात कोलंबी, चिंबोरी चालत नाही. खवलं आणि पर असलेला मासाच चालतो. आईला हे इतकं आवडलं की बाजारातून येताना ती प्रत्येक मासा उलटापालटा करून "ह्यो शिष्टरला चालंल" किंवा "ह्यो नाय" असा निवाडा करू लागली. शुक्रवारी संध्याकाळी सिस्टर दिवा लावत आणि त्यांच्याकडच्या नारळाच्या रसातल्या माशांच्या कालवणाचा डबा आमच्याकडे येई.

मी रसायनशास्त्र शिकले. तळोज्याच्या बाजूला एका औषध कंपनीच्या संशोधन विभागात नोकरीला आहे. काय काम करतेस, असं सिस्टरनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, "पांढऱ्या पावडरी बनवते." थोडक्यात तेच खरं होतं. आमचा गट कॅन्सरवरची औषधं शोधत होता. सरसकट सगळ्या वाढत्या पेशींना मारणारी औषधं आम्हाला नको होती. गाठीच्या पेशीत जनुकाचा जो एखादा विशिष्ट बदल झालेला असतो, तेवढ्यालाच धरणारं औषध हवं होतं. मी एक रेणू बनवायला दोन-तीन आठवडे घालवायची. शेवटी हातात चिमूटभर पावडर यायची. ती आमच्या जीवशास्त्राच्या सहकाऱ्यांकडे जायची. त्यांच्याकडे दोन प्रकारच्या पेशी वाढवलेल्या असत, एक बदल झालेल्या आणि एक साध्या. पहिल्या मरायला हव्यात, दुसऱ्या जगायला हव्यात. बहुतेक वेळा उत्तर यायचं की दोन्ही जगल्या, नाहीतर दोन्ही मेल्या. मग रेणूच्या एका टोकाला थोडा फेरफार करून पुन्हा सुरुवात.

सिस्टरना खोकला लागला तेव्हा त्यांनी तो उलव्याच्या बांधकामांच्या धुळीवर ढकलला. त्या वर्षी सगळेच खोकत होते, त्यामुळे आम्हालाही ते पटलं. पण मग जिना चढताना त्या मधल्या वळणावर थांबायला लागल्या. एका दुपारी आईने त्यांना तिथे भिंतीला टेकून बसलेलं पाहिलं आणि मला फोन केला. "शिष्टर पायरीवं बसलीया. बोलतानी दम लागतो तिला. तू ये."

एक्सरे काढला. डाव्या फुप्फुसाभोवती पाणी साठलं होतं. काचेसमोर फिल्म धरून सिस्टरनी स्वतःच पाहिली आणि पाकिटात परत घातली. पुढचं सगळं, सीटी स्कॅन, सुईने पाणी काढणं, त्याची तपासणी, त्यांनी वॉर्डातल्या शिस्तीने पार पाडलं. पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या. फुप्फुसाचा कॅन्सर, पसरलेला. आयुष्यात कधी विडी-सिगारेटच्या जवळ न गेलेली बाई.

तो अहवाल हातात आला त्या दिवशी त्या आमच्या स्वयंपाकघरात आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मी काही करणार नाही हं. तुम्हा दोघींना आधी सांगते, म्हणजे नंतर वाद नको."

आई भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. "नाय म्हंजे काय? औशद नाय घेनार?"

"नाही घेणार."

"कला? का नाय घेनार?"

 सिस्टर शांतपणे सांगायला लागल्या. त्या वॉर्डात होत्या त्या काळात या आजाराला जी औषधं होती ती शिरेतून द्यायची. ती देणारे हात त्यांचेच. नंतर रात्रभर उलटीसाठी भांडं धरणारे हातही त्यांचेच. तोंडातल्या फोडांमुळे पाण्याचा घोट गिळू न शकणारी माणसं त्यांनी पाहिली होती. "आणि एवढं करून फुप्फुसाच्या माणसाला काय मिळायचं? थोडे महिने. तेही इस्पितळात. मी कोणाला कधी हे बोलून दाखवलं नाही, कामच होतं ते. पण मनाशी ठरवून ठेवलं होतं, माझ्यावर वेळ आली तर मी हे करून घेणार नाही."

 त्या म्हणत होत्या ते खोटं नव्हतं. पण त्या वॉर्डातून बाहेर पडल्यानंतरच्या वर्षांत काय झालं, ते मला माहीत होतं आणि त्यांना नव्हतं. मी सांगायला सुरुवात केली. पेशीच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असतं. बाहेरून निरोप आला की ते पेशीला वाढायला सांगतं, निरोप संपला की गप्प होतं. काही गाठींमध्ये त्या प्रथिनाच्या जनुकात चूक होते आणि ते बंदच होत नाही. निरोप नसतानाही वाढ, वाढ असं सांगत राहतं. सिगारेट न ओढणाऱ्या आपल्याकडच्या बायकांमध्ये ही चूक बऱ्यापैकी सापडते. ती असेल तर तेवढ्याच प्रथिनाला गप्प करणारी गोळी आहे. घरी बसून घ्यायची. सलाईन नाही.

"आणि नसेल तर?"

"नसेल तर ती गोळी काही कामाची नाही."

"म्हणजे तू खात्री देत नाहीस."

"नाही देत."

"बरं झालं," सिस्टर म्हणाल्या. "खात्री देणाऱ्यांचे पेशंट मी पुष्कळ पाहिलेत." मग आईने निवडलेली भाजी उगाच हाताने सारखी करत म्हणाल्या, "तपासणी करते. तेवढीच. सलाईन लावून घेणार नाही. कबूल?"

मी कबूल म्हटलं. आईने कबूल म्हटलं नाही. ती भाजीची चाळणी घेऊन नळाकडे गेली आणि बराच वेळ पाणी सोडून उभी राहिली.

नवी मुंबईतल्या ज्या रुग्णालयात आम्ही गेलो तिथल्या डॉक्टरबाई वयाने माझ्याएवढ्या असतील. फुप्फुसातून काढलेल्या पाण्यात पेशी भरपूर होत्या, त्यामुळे जनुकांच्या तपासणीसाठी पुन्हा सुई टोचायची गरज नव्हती. पण अहवालाला वेळ लागणार होता. तोवर सलाईनवरचं औषध सुरू करावं, असं त्यांचं मत पडलं. सिस्टर म्हणाल्या, "मी थांबते."

"सिस्टर, पाणी पुन्हा भरेल."

"भरलं तर पुन्हा काढा. ते मला चालेल."

ते थांबणं फार वाईट होतं. पाणी खरंच पुन्हा भरलं आणि पुन्हा काढावं लागलं. सिस्टर बसूनच झोपायला लागल्या. आई रोज दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसायची. मी कामावर जात होते, पण हात चालत नव्हते. मीच तर त्यांना तपासणीची वाट दाखवली होती. उलट उत्तर आलं तर हे दिवसही मी त्यांच्याकडून काढून घेतले, असंच झालं असतं. प्रयोगशाळेत असताना आम्ही पेशींना नेहमी नुसतं "बदल असलेल्या" आणि "बदल नसलेल्या" म्हणायचो. एखाद्या माणसाला या दोनपैकी कुठल्या बाजूला आपण आहोत याची वाट पाहावी लागते, हे मला शब्दाने माहीत होतं. पाहिलं मी ते तेव्हा.

अहवाल आला. बदल होता.

डॉक्टरबाईंनी कागद आमच्याकडे वळवून ती ओळ बोटाने दाखवली. सिस्टरनी चष्मा लावून वाचली. अक्षरं आणि आकड्यांचा तो जोड त्यांच्या काळातला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. 

"मग द्या तुमची गोळी," त्या डॉक्टरबाईंना म्हणाल्या. "रिकाम्या पोटी की जेवून?"

गोळी लहान होती, दिवसातून एक. पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही. पुढे एके दिवशी सकाळी आई दूध द्यायला गेली तर सिस्टर गादीवर सपाट झोपलेल्या. आई घाबरली. जवळ जाऊन पाहिलं तर श्वास नीट चालू होता. कितीतरी दिवसांनी त्या आडव्या होऊन झोपल्या होत्या. आई दुधाचं पातेलं घेऊन तशीच दारात उभी राहिली. मी ऑफिसला निघताना मला म्हणाली, "नको उठवू तिला. झोपू दे."

गोळीने त्रासही दिला. चेहऱ्यावर, छातीवर पुरळ आलं, पिकल्या मुरुमांसारखं. कातडी कोरडी पडून बोटांच्या टोकांना भेगा गेल्या, पोट बिघडायचं. त्याचं कारणही मला माहीत होतं. ज्या प्रथिनाला ही गोळी धरते ते कातडीत आणि आतड्यातही असतं, तिथे ते आपलं नेहमीचं काम करत असतं. गोळीला बिघडलेलं आणि साधं यांतला फरक पुरता कळत नाही. आई खोबरेल तेल कोमट करून त्यांच्या हातांना लावायची. सिस्टर म्हणायच्या, "सगळ्या नोकरीत मला कोणी तेल लावलं नाही." आई म्हणायची, "मंग गप बस नि लावून घे." तोवर दोघी अहो-जाहोवरून अगं-तुगंवर आल्या होत्या.

काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन झाला. गाठ निम्म्याहून लहान झाली होती, पाणी नव्हतं. परत येताना सिस्टर म्हणाल्या, "आज घरी नको. आपट्याला नेशील?" त्यांच्या घराण्याचं मूळ गाव आपटा. आता तिथे त्यांचं कोणी नाही. मी आईला फोन करून सांगितलं आणि गाडी तशीच पुढे काढली.

पाताळगंगेच्या काठावर एका दगडी पायरीवर बसलो. पाणी संथ होतं. पलीकडच्या काठावर दोन बायका कपडे धूत होत्या. सिस्टरनी इकडेतिकडे काही ओळखीचं शोधलं नाही. नुसत्या बसून राहिल्या. मग विचारलं, "हे औषध तुझं का गं?"

"नाही हो. हे फार आधीचं. आम्ही याच्या पुढच्यावर काम करत होतो."

"काय झालं त्याचं?"

मी सांगितलं. ही गोळी घेणाऱ्या बऱ्याच जणांमध्ये काही काळाने गाठ हुशार होते. त्याच प्रथिनात आणखी एक बदल करून घेते, आणि मग गोळी तिथे चिकटू शकत नाही. त्या दुसऱ्या बदलालाही धरेल आणि साध्या प्रथिनाला शक्यतो हात लावणार नाही, असा रेणू आम्हाला हवा होता. आमच्या गटाने त्यावर काही वर्षं घालवली. एक रेणू मी बनवला होता, पेशींमध्ये फार छान चालला. आमचे प्रमुख त्या चाचणीचा आकडा बघून खुर्चीतून उठले होते. मग तो उंदरांना दिला आणि त्यांचं यकृत बिघडलं. आम्ही फेरफार करून पाहिले, ते गेलं नाही. तेवढ्यात परदेशातल्या दुसऱ्या एका कंपनीचा रेणू माणसांवरच्या चाचण्यांत यशस्वी झाला. आमचं काम बंद झालं. प्रमुख काही दिवसांत निवृत्त झाले. गट वाटून टाकला गेला.

"वाईट वाटलं असेल."

"फार. त्या औषधाचं नाव घेतलं तरी आमच्याकडे चेहरे उतरायचे. मी तर त्यावरचे लेख वाचणंही बंद केलं होतं."

सिस्टर पाण्याकडे बघत होत्या. मग त्यांनी एका पेशंटची गोष्ट सांगितली. बऱ्याच वर्षांपूर्वीचा, कुठल्याशा शाळेतला कारकून. त्याच्यावर एक नवं औषध तपासून पाहायचं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, उपयोग होईल असं नाही. त्याने सही केली. सिस्टरचं काम म्हणजे त्याचा ताप, नाडी, त्याला काय काय होतंय ते विचारून कागदावर उतरवणं. इतर पेशंट या प्रश्नांना कंटाळत. हा मात्र वाट बघत बसलेला असे. मळमळ किती, पायाला मुंग्या कुठून कुठपर्यंत, अगदी विचार करून सांगे. एकदा सिस्टरनी सहज म्हटलं, "आज एवढंच पुरे, दमलात तुम्ही." तर तो म्हणाला, "नाही, नीट लिहा. मला नाही झाला तरी पुढच्याला उपयोग होईल."

"मग?"

"मग काय. औषध बंद केलं, कोणालाच लागू पडलं नाही. तो गेला. त्याचे कागद कुठल्या कपाटात गेले देव जाणे. मला वाटत राहिलं, या माणसाला आपण फुकट छळलं. शेवटच्या दिवसांत मी त्याच्या मुंग्या मोजत बसले." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आज त्या स्कॅनच्या टेबलावर पडल्या पडल्या तो आठवला. मी त्या 'पुढच्या'तली झाले ना आता."

मी त्यांना म्हणू शकले असते की त्याच्या औषधाचा आणि या गोळीचा काही संबंध नसेल. बहुधा नव्हताच. पण मला ते म्हणावंसं वाटलं नाही, कारण ते तितकंसं खरंही नव्हतं. कुठलं औषध का चालत नाही, हे कुणीतरी अंगावर सोसून सांगितल्याशिवाय चालणारं सापडत नाही. मी बनवलेल्या पावडरी जिकडे जायला हव्या होत्या, तिकडची माणसं मी कधी पाहिली नव्हती. सिस्टरनी सगळी नोकरी तीच माणसं पाहिली होती. आम्ही दोघी एकाच कामाच्या दोन टोकांना होतो आणि इतकी वर्षं समोरासमोरच्या दारांत राहून फक्त डब्यांची देवघेव करत होतो.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर सिस्टरची भाची इस्रायलहून आली. मावशीला इतकी धडधाकट बघून ती म्हणाली, "मलिदा करूया." मलिदा म्हणजे बेने इस्रायल लोकांचा आभार मानण्याचा विधी. नवस फेडताना, लग्नाआधी, संकटातून सुटल्यावर तो करतात. भिजवलेल्या गोड पोह्यांत खोबरं, वेलची, सुकामेवा घालून मोठं ताट भरायचं, वर फळं मांडायची आणि त्यांच्या धर्मातल्या एका प्रेषिताचं स्मरण करून प्रार्थना म्हणायच्या. सिस्टर आढेवेढे घेऊ लागल्या. नवस मी बोललेच नव्हते, असं त्यांचं म्हणणं. भाची म्हणाली, "मी बोलले होते. माझा नवस, तुझं घर."

खरी अडचण माणसांची. प्रार्थनेला दहा पुरुष हवेत आणि पनवेलात आता त्यांची घरंच थोडी उरलेली. भाचीने फोनवर फोन केले. कुणी ठाण्याहून आलं, कुणी अलिबागकडून, दोन म्हातारे गृहस्थ तर एकमेकांच्या आधाराने जिना चढून वर आले. आईने सकाळपासून नारळ खवले. ताटात खजूर, केळी, सफरचंदं, डाळिंबं मांडताना ती एकदाच म्हणाली, "आमच्या देवालाबी ह्येच लागतं."

प्रार्थना हिब्रूतून झाली. मधूनच एखादं मराठी गाणं यायचं, त्याची चाल मला आमच्या गावच्या भजनासारखी वाटली. मग प्रत्येक फळाचा आशीर्वाद म्हणून तुकडे वाटले गेले. सगळं झाल्यावर सिस्टर उठल्या. त्यांना बोलायची सवय नव्हती. म्हणाल्या, "मी देवाचे आभार मानले. आता माणसांचे मानते. ज्यांनी हे औषध शोधलं त्यांची नावं मला माहीत नाहीत. ज्यांच्यावर आधीची औषधं करून पाहिली, आणि चालली नाहीत, त्यांतले काही माझ्या हाताखालून गेले. त्यांची नावंही आता मी विसरले. पण चेहरे आहेत लक्षात. त्यांचे आभार." मग खाली बसल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना म्हणाल्या, "खा ना, पोहे सुकतात."

पुढच्या वर्षाच्या अखेरीला खोकला परत आला.

या वेळी सिस्टरनी तो कशावर ढकलला नाही. त्यांनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं, बस. डॉक्टरबाईंनी आता सुईसुद्धा टोचली नाही. गाठीतून सुटून रक्तात आलेले जनुकांचे कण तपासता येतात, म्हणून नुसतं रक्त घेतलं. गाठीने तेच केलं होतं जे मी आपट्याला नदीकाठी सांगितलं होतं. दुसरा बदल झाला होता.

डॉक्टरबाईंनी लिहून दिलेलं औषध मी ओळखलं. चिठ्ठी हातात घेतली तेव्हा ते नाव वाचायला मला वेळ लागला नाही. आमचं काम ज्यांच्या यशामुळे बंद पडलं होतं, त्यांचं ते औषध. रुग्णालयाच्या औषधांच्या दुकानात मी रांगेत उभी राहिले. खिडकीतल्या मुलाने खोका पुढे सरकवला. मी तिथेच बाजूला होऊन तो उघडला आणि आतला बारीक अक्षरांतला कागद काढून रेणूची आकृती पाहिली. किती वर्षं मी ती टाळली होती. आमच्या रेणूचीच चुलत भावंडं वाटावीत असे काही भाग होते आणि एक कोपरा मात्र अगदी वेगळा. आम्ही तो कोपरा तसा करायचा विचारही केला नव्हता. पाहताक्षणी कळलं की का चाललं ते. कुणीतरी फार सुरेख काम केलं होतं. मला हेवा वाटेल असं वाटलं होतं. वाटला नाही. वाटलं, बरं झालं कुणाच्या तरी हातून झालं. मी अडले तिथे सगळं जग अडून राहिलं असतं तर आज या खिडकीतून मला देण्यासारखं काही नसतं.

सिस्टरनी गोळी सुरू केली. खोकला ओसरला, त्याची मला आशा होतीच. पण मी बघत होते दुसरंच. काही आठवड्यांत त्यांच्या गालावरचं पुरळ विरायला लागलं. बोटांच्या भेगा भरल्या. एका रविवारी सकाळी त्या आमच्याकडे चहाला आल्या आणि खिडकीच्या उजेडात बसल्या तेव्हा त्यांचा चेहरा अगदी स्वच्छ होता. सुरकुत्या सोडल्या तर डाग नाही. मी बघतच राहिले. बिघडलेल्या प्रथिनाला धरायचं आणि साध्याला सोडायचं, यासाठी आम्ही वर्षानुवर्षं दोन प्रकारच्या पेशींच्या आकड्यांतलं अंतर वाढवत बसलो होतो. ते अंतर आमच्या स्वयंपाकघरात बसून बशीत चहा ओतत होतं.

"काय बघतेस?" त्यांनी विचारलं.

"कातडी किती छान झालीय तुमची."

"तुझ्या आईच्या तेलाने," त्या म्हणाल्या.

आईने मान्य केलं. मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

त्या दिवशी दुपारी मी आमच्या जुन्या प्रमुखांना फोन केला. ते आता पेणला असतात, आंब्याची थोडी झाडं लावली आहेत. काम बंद झाल्यापासून आम्ही त्या विषयावर कधी बोललो नव्हतो. सणावाराला फोन व्हायचा, तब्येतीच्या गप्पा व्हायच्या. मी त्यांना सिस्टरबद्दल सगळं सांगितलं. शेवटी दुसऱ्या गोळीचं नाव सांगितलं. मला वाटलं, उगाच सांगितलं.

मग ते म्हणाले, "पुरळ आहे का त्यांना?"

"नाही सर. पूर्ण गेलं."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"वा," ते म्हणाले. "वा." थोडं थांबून विचारलं, "आणि यकृत? यकृताच्या तपासण्या करताय ना वेळच्या वेळी?"

"करतोय सर. सगळं व्यवस्थित आहे."

"छान काम केलं त्यांनी," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजावरून ते खरंच खूश झाले होते. मग झाडांना मोहोर कसा आलाय ते सांगत राहिले आणि मी ऐकत राहिले.

याला आता दीड वर्ष होत आलं. ही गोळीही कधीतरी चालेनाशी होईल, हे सिस्टरना माहीत आहे, मलाही. त्यापुढच्या बदलावर कुठे कुठे लोक काम करताहेत, आमच्याकडेही एक नवा गट सुरू झाला आहे आणि मी त्यात आहे. सध्या माझी पावडर दोन्ही पेशींना जगू देते. उद्या पुन्हा करीन. सिस्टर रोज संध्याकाळी आईबरोबर तळ्याला एक फेरी मारतात. दोघी चालतात कमी आणि थांबून बोलतात जास्त, त्यामुळे परत यायला अंधार होतो, आणि मी वरणाला फोडणी देऊन वाट बघत बसते.